एका स्टारचा चिन्नोर

भात खाणाऱ्या तमाम जनतेस, तसेच पोळी खाऊन भातावर मत देणाऱ्या जनतेसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी, जिथे आजवर कुठलीही घटना घडल्याची नोंद नाही, तिथे चैत्रातल्या एका सकाळी बकारामजी गिऱ्हेपुंजे यांच्या चिन्नोर तांदळास पाचांपैकी एक स्टार मिळाला. वार्ता ऐकताना बकारामजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती वार्ता त्यांना वाचून दाखवणारा मी होतो, त्यामुळे साक्षीदार या नात्याने पुढची हकिकत सांगण्याचा अधिकार माझ्याकडे आपोआप येतो. आणखी कोणाला तो हवा असेल तर त्याने तसा अर्ज माझ्याच दुकानात येऊन भरावा. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, या दोन्ही गोष्टी मिळण्याचं गावात तेवढंच एक ठिकाण आहे.

माझ्या दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बकारामजींची धानगिरणी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली त्यांनी ती लावली. लोक म्हणत होते, अर्धा जिल्हा तिकडे गेला, आता कशाला गिरणी? बकारामजींनी उत्तर दिलं होतं की नकाशा फाटला आहे, पोट फाटलेलं नाही. उंच, वाळकं शरीर, मोठे कान आणि भुवयांवर कायम कोंड्याची पांढरी भुकटी. त्यामुळे चाळिशीतही ते साठीचे वाटत आणि साठीत आल्यावरही साठीचेच वाटत राहिले.

त्यांच्या दाढेखाली नेहमी धानाचा एखादा दाणा असे. धान नीट वाळलं आहे की नाही, हे ते दाणा फोडून, त्याच्या आवाजावरून सांगत. सवय इतकी मुरली होती की माणसांनाही तीच परीक्षा लावत. एकदा कोणी साहेब गावात येऊन शेतीच्या भविष्यावर तासभर बोलले. टाळ्या वाजल्या. बकारामजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ओला हाय. अजून दोन उन्हं पाह्यजेत."

आता चिन्नोरविषयी दोन शब्द, कारण सगळं नाटक त्याच्याभोवती आहे. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, सुवासिक तांदूळ. एका घरी शिजला तर चौथ्या घराला कळतो. पण स्वभावाने लाडावलेला. उंच वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो, उशिरा निसवतो, म्हणजे लोंब्या उशिरा धरतो, आणि संकरित धानाच्या मानाने हाती कमी येतो. सरकारी खरेदी केंद्रावर संकरित धान नेऊन टाकलं की शेतकरी मोकळा. तिथे सुवासाची चौकशी कोणी करत नाही. तरीही आमच्या गावातली अकरा घरं चिन्नोर लावत होती, याचं कारण बकारामजींचा शब्द: "तुमी पिकवा, खपवाचं माह्याकडं लागलं." दरवर्षी मृगाआधी ते अकरा घरांना बियाणं देत आणि दिवाळीनंतर त्यांचं सगळं धान घेत.

गिरणी इंटरनेटवर चढवली त्यांच्या लेकीने. ती दिघोरीला दिली आहे. दिवाळीला माहेरी आली असता तिने गिरणीचा फोटो काढला, नकाशावर खूण केली, खाली फोन नंबर टाकला आणि परत गेली. महिनाभरात नागपूर, पुणे, कुठून कुठून वर्षाच्या तांदळाची मागणी यायला लागली. मागणीमागोमाग मतं आली. बकारामजींच्या फोनवर ती मतं दिसत होती, पण ते स्वतः वाचत नसत. चष्मा हे सांगण्यापुरतं कारण. खरं कारण असं की आपल्याविषयी दुसऱ्याने जे म्हटलं ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं, म्हणजे मध्ये अंतर राहतं, असा त्यांचा हिशेब. तो तिसरा मी.

रोज सकाळी गिरणीची पहिली पाळी आटोपली की ते रस्ता ओलांडून यायचे, दुकानातल्या बाकावर बसायचे आणि विचारायचे, "बाबू, आज पाहुणे काय म्हणून राहिले?"

टीका करणाऱ्याला ते पाहुणा म्हणत. आपल्या दाराशी आला, काहीतरी बोलला, म्हणजे पाहुणाच. पाहुणा चांगलं बोलला तर टोपी डोक्यावर राही, वाईट बोलला तर ती मांडीवर येई आणि वाचन संपेपर्यंत तिथेच असे. मग ते उठून घरी जात. त्यांचा नियम पक्का होता: जेवल्याबिगर उत्तर नाही. गिरणीतून जाणाऱ्या प्रत्येक खेपेतला ओंजळभर तांदूळ ते बरणीत घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून, घरच्या फळीवर ठेवत. तक्रार ज्या खेपेची असेल त्या बरणीतला तांदूळ पार्वताबाई, म्हणजे त्यांची बायको, रांधायची. तो भात नुसता, वरण न घेता, शेवटच्या शितापर्यंत खाल्ल्यावरच बकारामजी परत येऊन मला उत्तर सांगत.

आणि ते उत्तर! इतर दुकानदार लिहितात, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. बकारामजी 'सा. न. वि. वि.'ने सुरुवात करत आणि 'घरी सर्व खुशाल असावे'ने शेवट. मी सांगून पाहिलं की इथे एवढं लिहीत नाहीत. त्यांनी विचारलं, "जागा कमी पडते का?" जागा कमी पडत नव्हती.

पुण्याच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं, "भात कसला, खळ झाली. भिंतीला पोस्टर चिकटवता येईल." टोपी मांडीवर आली. बरणी उघडली, भात शिजला, खाल्ला गेला. तांदूळ नव्या धानाचा होता आणि नव्याला पाणी कमी लागतं. बकारामजींनी ते तपशीलवार सांगितलं आणि शेवटी पुस्ती जोडली की घरी रांधतं कोण, तेही कळवावे. तासाभरात उत्तर आलं, "मीच. बायको माहेरी गेली आहे." बकारामजींना भरून आलं. त्यांनी लिहायला लावलं की ताई परत येईपर्यंत आपण खिचडी करावी, तिला सगळं चालतं. पंधरा दिवसांनी त्या गृहस्थाने एकाचे पाच स्टार केले. मी अभिनंदन करायला गेलो तर बकारामजी म्हणाले की ते स्टार त्याच्या बायकोचे आहेत, आपण त्यात पडू नये.

दुसऱ्या एकाने तांदळाचा फोटो टाकून त्यात लाल गोल काढला होता: "हा कचरा बघा." कचरा म्हणजे कडुनिंबाचा पाला, कीड लागू नये म्हणून मुद्दाम घातलेला. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'दिलजले' असं ठेवलं होतं. बकारामजींनी गंभीरपणे मायना सांगितला, "श्री. दिलजले यांस." मग पाल्याचे गुण. मग एक ओळ, जी मी आजही पाठ म्हणू शकतो: "आपले मन दुखावलेले आहे असे नावावरून दिसते. त्यास आमचा तांदूळ कारण नसावा अशी आशा आहे." दिलजले यांनी पुढे कधीच काही लिहिलं नाही. पण दर वर्षी एक पोतं मागवत राहिले.

असा हा कारभार सुखाने चालला असताना ती चैत्रातली सकाळ उजाडली. आमच्याकडे चैत्रात मोहाची फुलं पडतात. पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन जंगलात, दिवसभर अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला फुलं वाळत घातलेली. महिनाभर गावाला मोहाशिवाय दुसरा वास नसतो. आणि नेमक्या याच दिवसांत शहरातली माणसं वर्षाचा तांदूळ भरतात.

नागपूरच्या वासंतीताई नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: "तांदळाला दारूचा वास येतो. गिरणीवाला पिऊन पाकिटं भरतो काय?"

टोपी मांडीवर आली ती आणि मागच्या टोप्या यांत फरक होता. बकारामजी दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. गावात असे पुरुष मोजायचे तर एका हाताची बोटं पुरतात आणि अंगठा उरतो. ते उठले. घरी गेले, त्या खेपेची बरणी उघडली, भात खाल्ला. भात जसा हवा तसा होता, घमघमीत. परत आले ते ठरवून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाहुण्याला खोटं ठरवलं, तेही आपल्या पद्धतीने. लिहायला लावलं की तांदूळ आम्ही खाऊन पाहिला, निर्दोष आहे. आपल्या घरात कोणी घेत असल्यास, कृपया आधी तिकडे तपास करावा. घरी सर्व खुशाल असावे.

मी म्हटलं, भाऊ, हे जरा जास्त होतं. त्यांनी दाढेखालचा दाणा फोडला आणि म्हणाले, "लिव."

लिहिलं. आणि जे व्हायचं ते झालं. ज्यांनी जन्मात आमचा तांदूळ पाहिला नव्हता असे लोक त्या मताखाली लिहायला धावून आले. एकाने लिहिलं, हा भात खाऊन गाडी चालवू नये. दुसऱ्याने, वरणाऐवजी सोडा घाला. तिसऱ्याने विचारलं की लहान मुलांना किती वाट्या चालतील. सगळं गावाच्या ग्रुपवर आलं आणि गावाने मनमुराद आनंद घेतला. आमचा डोमा, ज्याला संध्याकाळी सरळ रेषेत चालताना कोणी पाहिलेलं नाही, तो पिशवी घेऊन गिरणीत आला आणि हळू आवाजात त्याने तो नागपूरवाला तांदूळ दोन किलो मागितला. बकारामजींनी दिला. दुसऱ्या दिवशी डोमा तक्रार घेऊन हजर.

"भाऊ, काईच होत नाई जी."

"भात हाय थो, डोमा," बकारामजी म्हणाले. "पोट भरते. तेवढंच होते."

इथवर मीही हसत होतो, हे कबूल करायला हवं. पण आठवड्याभरात फोन वाजेनासा झाला. ज्यांनी आधी सांगून ठेवलं होतं त्यांनीही थांबा म्हटलं. गोदामात अकरा घरांचा चिन्नोर पोत्यांनी उभा होता. मृगाला दीड महिना होता. अकरा घरांपैकी सोमाजी हा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. त्याने गिरणीत येऊन सांगितलं की हा माल गेला नाही तर यंदा कोणी चिन्नोरचे पऱ्हे टाकणार नाही. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी आधी वाढवतात ती धानाची रोपं. एकदा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, संकरित धानाचे पऱ्हे पडले की चिन्नोरचं बियाणं एक वर्ष राहील, दोन वर्षं राहील, मग उंदरं खातील. बकारामजींना हे सोमाजीने सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात वासंतीताईंचं उत्तर आलं. त्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका होत्या. "माझ्या घरात चहाशिवाय काहीही घेतलं जात नाही. संशय असल्यास स्वतः यावं आणि हुंगून जावं." खाली पत्ता फोनवर विचारावा असंही लिहिलं होतं.

शहरातला माणूस असं लिहितो तेव्हा त्याचा अर्थ 'येऊ नका' असा असतो. मी तसं समजावलं. बकारामजी म्हणाले की बोलावलं तर जावं लागतं, आणि धुतलेला सदरा काढायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साकोलीहून एसटीने नागपूरला निघालो. त्यांच्या मांडीवर ती बरणी, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. लग्नाची बोलणी करायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा ताण. खिडकी उघडी होती, महामार्गावरची गरम हवा दोन-अडीच तास आमच्या नाकातोंडात जात होती. त्या हवेने काय काम केलं ते आम्हाला वासंतीताईंच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर कळलं.

वासंतीताईंनी दार उघडलं. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बकारामजींनी नमस्कार करून नाव सांगितलं. त्या क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा उचलून आणून समोर ठेवला. शाळेत प्रयोगाची परीक्षा घेताना त्या अशाच उभ्या राहत असतील.

बकारामजींनी झाकण काढलं. डब्यात डोकं घातलं. आणि बाहेर काढलं नाही. मला वाटलं, चक्कर आली. बरणीचं झाकण काढून त्यांनी तीही हुंगली, पुन्हा डबा हुंगला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. मला हुंगायची गरजच पडली नाही. त्या स्वच्छ, मोगऱ्याची कुंडी ठेवलेल्या खोलीत डबा उघडताच मोह दरवळला होता. अख्खा चैत्र आम्ही त्याच वासात जेवलो होतो, त्याच वासात झोपलो होतो. गावातलं एकही नाक साक्षीला लायक राहिलेलं नव्हतं, आमची दोन तेवढी एसटीतल्या हवेने धुऊन दिली होती.

"बाई, तुमचं खरं हाय," बकारामजी म्हणाले. "दारू नाई, मोहफूल हाय. पन वास हाय. अन् म्या तुमच्या घराले नावं ठेवली."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. त्या म्हणाल्या की एवढ्या उन्हात तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. त्यांनीही जरा तिखटच लिहिलं होतं. ते आता लगेच काढून टाकते, असंही म्हणाल्या. फोन हातात घेतलासुद्धा. मी मनात म्हटलं, सुटलो. एक बोट फिरवलं की सोडा, वाटी, गाडी, सगळं पुसलं जाणार होतं.

बकारामजींनी हात आडवा केला. "खोडू नका. खरं लिवलेलं खोडलं तं माह्या बाकीच्या पाहुण्यायनं कोनावर इश्वास ठेवाचा? मी त्याच्या खाली लिवतो."

बाईंनी चहा केला. चहा घेईपर्यंत उत्तर नाहीच. जेवण नसलं तरी काहीतरी पोटात हवं.

परतीच्या एसटीत मी विचारलं की गोदामात मोह आला कुठून. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते गावातल्या पुरुषांपैकी मला एकट्याला ठाऊक झालं. बाया चैत्रात फुलं वेचतात, वाळवतात आणि पावसाळ्यात भाव आला की विकतात. वर्षाकाठी त्यांच्या स्वतःच्या हातात येतं ते तेवढंच. पण पोतं घरी ठेवलं की त्याला पाय फुटतात आणि ते मागच्या दाराने बाटलीच्या रूपात बाहेर पडतं. म्हणून कित्येक वर्षांपासून बाया आपली पोती बकारामजींच्या मागच्या गोदामात आणून ठेवत. पोत्याच्या तोंडाला आपापल्या लुगड्याची चिंधी बांधलेली, म्हणजे ओळख पटावी. गावात मोह सांभाळायला द्यावा असा तोच एक पुरुष. यंदा मागणी वाढली, पुढची जागा पुरेना, म्हणून पाकिटं त्या गोदामात भरली गेली. पाकिटं कापडी होती. बरण्या मात्र घरच्या फळीवर होत्या, त्यामुळे बरणीतला भात दर वेळी खरा निघाला आणि पाकिटातला खोटा.

मी म्हटलं, मग हेच लिहू. बायांचा मोह होता, तुमचा काय दोष? अकरा घरांच्याच बाया, त्यांच्या नवऱ्यांना बोलायला तोंडच राहणार नाही.

"नाई," ते म्हणाले. "त्यायच्या नवऱ्यायले पत्ता लागला तं पुढच्या सालापासून त्या बायाईनं ठेवाव कुठी? गोदाम माह्यं, चूक माही. तेवढंच लिव."

एसटी हलत होती, माझं बोट दर शब्दाला चुकत होतं. त्यांनी सांगितलेलं उत्तर आजही त्या पानावर आहे. "सा. न. वि. वि. आपले म्हणणे खरे आहे. आम्ही मोहफुले ठेवलेल्या गोदामात तांदूळ भरला, त्यामुळे वास लागला. तो आम्हांस आला नाही, हा आमच्या नाकाचा दोष. आपल्या घराविषयी लिहिले ते मागे घेतो. चैत्रापासून ज्यांनी तांदूळ नेला त्यांनी परत पाठवावा, दुसरा देऊ. धान पिकवणाऱ्यांचा यात दोष नाही. घरी सर्व खुशाल असावे."

वासंतीताईंनी स्टार वाढवला नाही. त्यांनी खाली एवढंच लिहिलं की गृहस्थ स्वतः येऊन गेले, वास मोहाचा होता, तांदूळ जातीचा आहे, पुढच्या खेपेनंतर ठरवू. शिक्षिकेने पुरवणी न बघता मार्क वाढवू नयेत, हे मला पटलं. काहींनी पाकिटं परत पाठवली, काहींनी ठेवून घेतली. वास आवडतो म्हणणारेही दोघे निघाले, त्यांची चौकशी मी केली नाही. फोन पुन्हा वाजायला लागला, पण हळूहळू, दमलेल्या माणसासारखा.

गावात मात्र नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला. बकारामजींनी मोहफुलं ठेवली होती, हे त्यांनी स्वतःच्या नावाने जगजाहीर केलं होतं. चाळीस वर्षं न पिणारा माणूस गोदामात मोह साठवतो! पारावर लोकांना काम मिळालं. त्यात बकारामजींनी आणखी एक केलं. तांदूळ आणि मोह एका छपराखाली नको, आणि बायांची पोती परत पाठवायची म्हणजे भांडं फुटणार, म्हणून त्यांनी ती एका संध्याकाळी बैलगाडीत गवताखाली घालून आपल्या राहत्या घरी आणली. निजायची खोली पोत्यांनी भरली आणि नवरा-बायकोच्या खाटा अंगणात आल्या. कपड्यांचं कपाट त्याच खोलीत. चैत्र सरला, गावातला वास ओसरला, सगळ्यांची नाकं ठिकाणावर आली. तेव्हा मोहाचा वास येत राहिला तो फक्त बकारामजींच्या सदऱ्याला. ते रस्त्याने गेले की डोमा आदराने बाजूला होई.

पार्वताबाई मला एकदा म्हणाली की इतकी वर्षं या माणसाच्या तोंडाला वास नाही म्हणून माहेरी मिरवत होते, आता काय सांगू. पण सांगितलं तिने कोणालाच काही नाही.

माझ्या डोळ्यांपुढे बकारामजी येतात ते मृगाच्या आदल्या दिवसाचे. पुढल्या वर्षी त्यांनी गिरणी मुलाच्या हाती दिली आणि नवरा-बायको लेकीजवळ दिघोरीला राहायला गेले. तिथले बकारामजी मी फारसे पाहिले नाहीत. पाहिले ते हे.

गिरणी बंद होती, पट्टा उतरवलेला. शेडखाली चिन्नोरच्या बियाण्याच्या अकरा पिशव्या ओळीने मांडलेल्या, जशा दरवर्षी असत. अकरा घरांचे कर्ते पुरुष समोर उभे. बायाही होत्या, कोंडा न्यायच्या निमित्ताने आलेल्या, टोपल्या घेऊन भिंतीकडेला बसलेल्या. मी रस्ता ओलांडून आलो होतो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि असतं तरी मी आलोच असतो.

पिशवीला कोणी हात लावेना. सोमाजीने सुरुवात केली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अर्ध्याहून जास्त माल अजून गोदामात आहे. पुढच्या साली गिऱ्हाईक येईल की नाही, कोणी सांगावं. आणि हे सगळं मिटत असताना बकारामजींनीच मिटू दिलं नाही, ही बातमी माझ्याच दुकानातून फुटली होती.

"बाई खोडाले तयार होती, अन् तुमी नको म्हटलं?"

"होय," बकारामजी म्हणाले.

"काहून?"

"खरं होतं म्हून."

सोमाजीने बाकीच्यांकडे पाहिलं. दोघातिघांनी माना हलवल्या. एकाने हळूच सांगितलं की त्याने संकरितचं बियाणं कालच आणून ठेवलं आहे. बकारामजींनी ते ऐकलं. त्यांचा हात खिशाकडे गेला, दाणा काढायला, आणि तसाच परत आला.

मग सोमाजी हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की खरं बोलणाऱ्याने हेही खरं सांगावं. पीत नाही म्हणता, तर एवढा मोह ठेवला होता कोणासाठी? आजही अंगाला वास मारतो आहे. पुरुषांत हशा पिकला. भिंतीकडे कोणी हसलं नाही.

 मी बकारामजींच्या बाजूला उभा होतो. सांगायला माझी जीभ वळवळत होती, आणि त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं. त्याच वेळी भिंतीकडून सोमाजीची बायको, कौसाबाई, टोपली खाली आपटून उठली. बकारामजींनी माझा हात सोडला आणि दोन्ही पंजे वर करून तिला थांबायची खूण केली. बोलू नको, घरी जा, असं ते नुसत्या मानेने सांगत होते. भुवयांवर कोंडा, डोळ्यांत विनवणी. ती त्यांच्या पंजांना वळसा घालून गेली, ओळीतली पहिली पिशवी उचलून तिने कडेवर घेतली आणि नवऱ्याकडे वळून, अकरा घरांसमोर बोलून गेली:

"थो मोहा आमचा होता, समद्या बायायचा. तुमी ढोसून टाकता म्हून यायच्या घरी लपवला होता. अन् रोवणी आमीच करतो न, मंग पऱ्हे कायचे टाकाचे थे तुमाले कोन पुसून राहिलं?"